गहाण, ग्रहण आणि बेबाकी

घराचे खरेदीखत हाती आले की बहुतेक जण क्षेत्रफळ, किंमत आणि चतुःसीमा वाचतात. उरलेले वकिलावर सोडतात. त्या उरलेल्या भागात एक लांबलचक वाक्य असते. विकणारा लिहून देतो की, सदर मिळकत मी आजतागायत कोणासही गहाण, दान, बक्षीस, लीज, लीन, पोटगी, अन्नवस्त्र, जप्ती, जामीनकी अशा कोणत्याही प्रकारे जडजोखमीत गुंतवलेली नाही. ती पूर्णपणे निर्वेध व बोजारहित आहे.

दस्त लिहिणाऱ्यांच्या पिढ्यांनी घासूनपुसून ठेवलेले हे वाक्य मला मराठीतल्या अतिशय श्रीमंत वाक्यांपैकी एक वाटते. घर कोणकोणत्या वाटांनी हातचे जाऊ शकते, त्याची ही यादीच आहे. पोटगी आणि अन्नवस्त्र हे त्यात उगाच आलेले नाहीत. घरातल्या विधवेचा किंवा टाकलेल्या बायकोचा निर्वाहाचा हक्क त्या घरावर चढू शकतो, म्हणून ते तिथे आहेत. यादीत संस्कृत, अरबी आणि इंग्रजी शब्द मांडीला मांडी लावून बसले आहेत, कारण महाराष्ट्रातल्या जमिनीवर या सगळ्या भाषांच्या शब्दांतून कारभार झाला. आणि घरासाठी वीस-वीस वर्षे हप्ते भरणारा माणूस ज्या स्थितीची वाट पाहत असतो, तिचे नाव वाक्याच्या शेवटी आहे: निर्वेध व बोजारहित.

यादीतला पहिला शब्द गहाण. तो आला संस्कृत ‘ग्रहण’ या शब्दातून. प्राकृतात त्याचे ‘गहण’ झाले. ग्रह् म्हणजे पकडणे, धरणे. सूर्याला किंवा चंद्राला धरणारे ग्रहण तेच आणि घराला धरणारे गहाणही तेच. लोकांच्या तोंडी ग्रहणाचे ‘गिऱ्हाण’ झाले. ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ ही हाळी ज्यांनी लहानपणी ऐकली असेल, त्यांना हे नाते सांगावे लागणार नाही. दुकानात येणारे ‘गिऱ्हाईक’सुद्धा याच धातूचे, ग्राहकाचे घरगुती रूप. दोन्हीकडचे क्रियापदही पाहा. ग्रहण लागते आणि सुटते, गहाण पडते आणि सुटते.

निर्वेध हा शब्द याच आकाशातला. वेध म्हणजे छेद, भोक पडणे. पंचांगात ग्रहण लागण्याआधीच्या काळालाही वेध म्हणतात, आणि त्या काळात अन्नपाणी वर्ज्य करणारी माणसे आजही घरोघर आहेत. ज्या मिळकतीला कसलेच वेध लागलेले नाहीत ती निर्वेध.

इथे घर हा शब्द साहजिकच पुढे येतो. संस्कृत वैयाकरणांनी ‘गृह’सुद्धा ग्रह् धातूपासूनच काढला: जे माणसाला धरून ठेवते, सामावून घेते ते गृह. त्यांचे खरे धरले तर घर आणि गहाण हे सख्खे भाऊ ठरतात. आधुनिक भाषाशास्त्र मात्र हे मान्य करत नाही. त्याच्या मते गृह हा शब्द ‘कुंपण घालणे, वेढणे’ अशा अर्थाच्या फार जुन्या मुळाशी जातो, आणि इंग्रजीतला ‘यार्ड’, म्हणजे आवार, त्याचा दूरचा नातलग आहे. मला हा दुसरा निवाडा पटतो आणि आवडतोही. घराचे पहिले काम बाहेरच्याला बाहेर ठेवणे हे आहे. गहाणात बाहेरच्याचा हात कुंपणाच्या आत येतो.

गहाणाला संस्कृतात दुसरा शब्द होता, ‘आधि’. याज्ञवल्क्य स्मृतीत ‘आधि’चे दोन प्रकार आहेत. सावकाराने नुसता जपून ठेवायचा तो गोप्य आधि आणि ज्याचे उत्पन्न त्याने खायचे तो भोग्य आधि. मराठीतले नजरगहाण आणि ताबेगहाण साधारण याच वाटेने गेले. नजरगहाणात घर आपल्याच ताब्यात राहते, सावकाराची त्यावर फक्त नजर असते. ताबेगहाणात किल्ली त्याच्याकडे जाते. आज बँकेच्या गृहकर्जात मूळ दस्त बँकेच्या तिजोरीत आणि आपण घरात, म्हणजे जात नजरगहाणाचीच. दोन प्रकारांतला मुख्य फरक एका ‘नजर’ शब्दात आणून ठेवणाऱ्या कारकुनाला दाद द्यावीशी वाटते.

पण ‘आधि’ची खरी गंमत अमरकोशात आहे. त्याच्या नानार्थ वर्गात ‘आधि’चे चार अर्थ एका रांगेत दिले आहेत: गहाण, संकट, मनाची पीडा आणि अधिष्ठान, म्हणजे राहण्याचे ठिकाण. आपण ‘आधिव्याधी’ म्हणतो त्यातला आधि तो मनाच्या पीडेचा. व्युत्पत्तीच्या अंगाने हे सगळे एकाच मुळाचे असतील असे नाही. गहाणाचा आधि ‘आ + धा’ म्हणजे ठेवणे यातून येतो, मनाच्या पीडेचा ‘ध्यै’ म्हणजे चिंतणे यातून आला असे मानणारे कोशकार आहेत. पण शब्द एकच झाला, आणि राहते घर, ते गहाण पडणे, त्यापायी येणारे संकट आणि रात्रीची झोप उडवणारी काळजी या चारही गोष्टी एका रांगेत बसल्या. कर्जाचे घर ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ती रांग परकी वाटणार नाही.

याज्ञवल्क्याने तारण असलेल्या कर्जावर व्याजाचा दर सांगितला आहे दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग. म्हणजे महिन्याला सव्वा टक्का, वर्षाला १५ टक्के. तारण नसेल तर दर याहून चढा. आणि दिलेली रक्कम दुप्पट होईपर्यंत आधि सोडवला नाही तर तो गेला, असा त्याचा नियम आहे. हे ‘सोडवणे’ सांगताना त्याने वापरलेले क्रियापद ‘मुच्’ धातूचे आहे. मोक्ष हा शब्द त्याच धातूचा. घर गहाणातून सुटणे आणि जीव संसारातून सुटणे यांसाठी धर्मशास्त्राला वेगळे शब्द लागले नाहीत.

दुप्पट झाली की थांबायचे, ही कल्पना मराठी मुलखात ‘दामदुप्पट’ या नावाने रुजली. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येणार नाही, हा तो नियम. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंना लागू ठेवला आणि न्यायनिवाड्यांच्या जाडजूड इंग्रजी ग्रंथांत हा शब्द जसाच्या तसा जाऊन बसला. त्यातला ‘दाम’ मूळचा ग्रीक. द्राख्मा या नाण्याचे संस्कृतात द्रम्म झाले आणि मराठीत दाम. अथेन्सच्या बाजारातले नाणे भीमथडीच्या कुणब्याची ढाल झाले.

ती ढाल पुरली मात्र नाही. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारांवर गेले आणि बघता बघता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. त्या उठावात माणसांवर फारसे हात उचलले गेले नाहीत. लोक कागद मागत होते. कर्जखते, गहाणखते, हुकूमनामे बाहेर काढून ती जाळत होते. ‘खत’ म्हणजे अरबी ‘खत्त’: रेघ, लिखाण. वाचता न येणाऱ्या माणसाची जमीन त्याने अंगठा उठवलेल्या रेघांनी बांधली होती, आणि त्याला ती गाठ सोडवण्याचा अग्नीखेरीज दुसरा मार्ग दिसला नाही. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने थांबवले आणि न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन खरा व्यवहार तपासायला लावले. शिवाय एक फार महत्त्वाची गोष्ट केली: शेतकऱ्याची स्थावर मिळकत त्याने स्वतः त्या कर्जासाठी नावानिशी गहाण टाकली नसेल, तर ती जप्त करता येणार नाही. माझ्या मते घर राखण्याविषयीचा सगळा विचार त्या एका कलमात आहे. उसनवारीने घर सहसा जात नाही. ते जाते आपल्या सहीने.

‘जप्त’ हा अरबी ‘जब्त’ म्हणजे आवरून धरणे, पुन्हा धरणेच. जप्तीनंतर येणारा ‘लिलाव’ मात्र पोर्तुगीज, ‘लैलांव’. गोव्याच्या किनाऱ्यावरून तो वर आला आणि इतका मुरला की तो परका आहे हे सांगावे लागते.

आता त्या वाक्यातला ‘लीन’. संस्कृत जाणणारा वाचक इथे अडखळतो, कारण त्याच्या लेखी लीन म्हणजे नम्र, विलीन झालेला. दस्तातला लीन इंग्रजीतून आला आहे: दुसऱ्याच्या वस्तूवर आपले येणे फिटेपर्यंतचा हक्क. तो फ्रेंचमधून लॅटिन ‘लिगामेन’पर्यंत जातो, आणि लिगामेन म्हणजे बंधन, दोरी. संस्कृतातही गहाणाला ‘बंधक’ म्हणत. लॅटिनमध्ये कर्ज चुकवण्याला ‘सोल्व्हेरे’ म्हणजे सैल करणे, सोडणे. ज्याची देणी चुकवण्याची ऐपत आहे तो सॉल्व्हंट. इंग्रजीतल्या ‘मॉर्गेज’ची वाट निराळी आहे. तो जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘मेलेले गहाण’. बाराव्या शतकातल्या, ग्लॅनव्हिलच्या नावावर चालणाऱ्या इंग्लिश कायदेग्रंथात त्याचे कारण सापडते: ज्या गहाणाचे उत्पन्न कर्जात वळते होते ते जिवंत, आणि ज्याचे उत्पन्न सावकार खातो पण कर्ज तसूभर कमी होत नाही ते मेलेले.

मराठीने निवडलेला शब्द या सर्वांहून मला जवळचा आहे. आपण कर्ज ‘फेडतो’ आणि ते ‘फिटते’. प्राकृतात फिट्टइ आणि फेडइ अशी जोडीच आहे. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे यांसारखी. जुन्या मराठीत फेडणे म्हणजे दूर करणे, उकलणे, सोडवणे. वस्त्र फेडतात, नवस फेडतात, डोळ्यांचे पारणे फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. संशय फिटतो, हौस फिटते. या सगळ्यांत पैसे मोजण्याचा भाव कुठेच नाही. काहीतरी गुंडाळलेले, आवळलेले असते आणि ते मोकळे होते. म्हणूनच रक्कम भरणे आणि कर्ज फेडणे या मराठीत दोन गोष्टी आहेत. शेवटचा हप्ता भरला की रक्कम संपते. गाठ सुटली की कर्ज फिटते.

उलट ‘कर्ज’ हा अरबी शब्द कापण्याशी जोडलेला आहे. सावकार आपल्या संपत्तीतला तुकडा कापून देतो तो कर्ज. त्याच मुळापासून अरबीत कात्रीलाही शब्द आहे. आणि ‘ऋण’ तर वेदकाळापासूनचे. ज्याच्यावर ऋण नाही तो ‘अनृण’. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात ऋणातून सुटण्याच्या प्रार्थना आहेत आणि त्यांत हा शब्द येतो. महाभारतात यक्षाने युधिष्ठिराला विचारले, आनंदात कोण असतो? उत्तर आले: जो कितीही उशिरा का होईना, पण स्वतःच्या घरात भाजी शिजवून खातो, ज्याच्यावर ऋण नाही आणि ज्याला परमुलखात राहावे लागत नाही, तो. राज्य हरलेला, वनात वणवण करणारा राजा हे बोलतो आहे. स्वतःचे घर आणि ऋण नसणे या दोन गोष्टी त्याने एका श्वासात उच्चारल्या. उशिरा मिळालेली साधी भाजी त्याला चालत होती, पण या दोन अटी त्याने सोडल्या नाहीत.

ऋण बापाबरोबर संपत नसे. ‘ऋणानुबंध’ हा शब्द आज आपण मायेने वापरतो, पण त्यात ऋण आहे आणि बंधही आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे धर्मकर्तव्य मानले जाई आणि न्यायालयेही ते मानत. मुंबई इलाख्याने १८६६ सालीच कायदा करून वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरती आखून दिली. पुढे हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने, निव्वळ धर्मकर्तव्य म्हणून मुलानातवंडांकडून नवी कर्जे वसूल करण्याचा मार्गच बंद केला.

‘इथपर्यंत तुझे, पुढे नाही’ अशी रेघ ओढण्यासाठी मराठीत जो शब्द आहे, तो आपण रोज वाचतो आणि पाहत नाही. मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीच्या फाटकावर पाटी असते: अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. तो ‘मर्यादित’ कशाला? संस्थेचे देणे झाले तर सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती, त्यापुढे त्याच्या खासगी मालमत्तेला हात लागणार नाही, हे जगाला सांगायला. मर्यादा म्हणजे शीव, हद्दीची खूण, समुद्राने ओलांडायची नाही ती रेषा. १९०४ च्या कायद्याने निघालेल्या गावोगावच्या पतसंस्था बहुधा अमर्यादित जबाबदारीच्या असत. एकाचे बुडाले तर दुसऱ्याच्या दारापर्यंत वसुली पोचू शके. धंदा करणाऱ्याने आपला धंदा आणि आपले घर यांच्यामध्ये ही रेघ ओढून घ्यावी. त्यात लबाडी काही नाही, कारण रेघ पाटीवर लिहिलेली असते, उधार देणारा ती वाचूनच देतो.

‘बेनामी’चे तसे नाही. फारसीत ‘बे-नाम’ म्हणजे नाव नसलेला. धनको दारात येणार असे दिसताच घर मेव्हण्याच्या नावावर करायचे, हा उपाय कट्ट्यावर सर्रास सांगितला जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५३ वे कलम अशाच माणसासाठी लिहिलेले आहे: धनकोला चकवण्यासाठी केलेले हस्तांतरण धनको न्यायालयातून रद्द करून घेऊ शकतो. आणि दुसऱ्याच्या नावामागे दडवलेली बेनामी मालमत्ता तर सरकारजमा होऊ शकते. घर राखायचे ते उजेडात. कायद्याने त्याला वाटा ठेवल्या आहेत. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने बायकोमुलांच्या नावे उतरवलेल्या आयुर्विम्याच्या रकमेवर त्याच्या धनकोंचा हक्क चालत नाही; फसवण्याच्या हेतूने हप्ते भरले असतील तेवढाच अपवाद. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम शेतकऱ्याचे, मजुराचे आणि घरगड्याचे राहते घर जप्तीतून वगळते, शिवाय अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारेही. शहरातल्या पगारदाराच्या फ्लॅटला ते छत्र नाही, हे मात्र त्याने ध्यानात ठेवावे.

या सगळ्यात माणूस सर्वांत सहज अडकतो तो जामीन राहून. ‘जामीन’ अरबी, अर्थ हमी घेणारा. सहकारी पतसंस्थेत मित्राच्या अर्जावर सही करताना आपण ‘नुसता जामीन’ आहोत असे वाटते. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्राकडे आधी जा, मग माझ्याकडे या, असे म्हणता येत नाही. दस्ताच्या वाक्यात ‘जामीनकी’ हा शब्द आपल्या पूर्वजांनी गहाणाच्या पंक्तीला बसवला तो यामुळेच.

तसाच एक फसवा शब्द ‘मुदतखरेदी’. बोली अशी की जमीन आज विकली, पाच वर्षांत पैसे परत दिले की पुन्हा आपली. खरे पाहता हे गहाणच. पण १९२९ पासून कायदा म्हणतो, परतीची अट त्याच दस्तात असेल तरच त्याला गहाण मानता येईल. साध्या चिठ्ठीवर वेगळे लिहून घेतलेल्या वचनावर विसंबून किती तरी कुटुंबांनी वावर गमावले. गहाण असते तर सोडवण्याचा हक्क कोणत्याही अटीने मारता आला नसता.

आता शेवटच्या कागदाकडे येऊ. पूर्वी देणे-घेणे संपल्याचा जो कागद मिळे त्याला ‘फारखत’ म्हणत: फारिग म्हणजे मोकळा, आणि खत. आज ‘फारकत’ नवरा-बायकोंपुरती उरली. सहकारी सोसायट्यांत मात्र अजून ‘बेबाकी दाखला’ चालतो. बाकी उरली नाही ती बेबाकी. वर्तमानपत्रांत निर्भीड लेखकाला ‘बेबाक’ म्हणतात तो शब्द निराळा, फारसी ‘बाक’ म्हणजे भीती, त्यावरून झालेला. दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. तरीही ज्याची बाकी संपली त्याची भीती संपली, हे मराठी माणसाला कोशात न पाहताही कळते.

म्हणून शेवटचा हप्ता भरलात की तिथे थांबू नका. बँकेकडून बेबाकी लेखी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद मोजून घ्या, यादीशी ताडून पाहा. सोसायटीच्या दप्तरात बँकेच्या हक्काची नोंद असेल ती काढून घ्या. गावाकडे जमीन असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला असतो. पैसे फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. अर्ज द्या, फेरफार मंजूर करून घ्या, आणि त्या नोंदीला कंस झालेला नवा उतारा स्वतः वाचा. आजोबांनी फेडलेल्या कर्जाचा बोजा नातवाच्या उताऱ्यावर तसाच दिसतो, अशी उदाहरणे गावोगाव आहेत. तुमच्या घरी तसा उतारा असेल तर याच महिन्यात तो दुरुस्त करून घ्या.